भांडी धुण्याचे यंत्र आणि घरचे पाणी

जुन्नर अथवा आंबेगाव तालुक्यातील एखाद्या कुटुंबाने भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे ज्यास आज सर्वत्र डिशवॉशर म्हणतात ते, घरी आणावयाचे ठरविले, तर त्या कुटुंबाने पहिली चौकशी दुकानदाराकडे न करता आपल्या विहिरीची, कूपनलिकेची किंवा नळाच्या पाण्याची करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यंत्राचा रंग, त्याची किंमत, हप्त्यांची सोय, दर्शनी भागावरील कळांची संख्या या गोष्टींचा विचार मागाहून केला तरी चालेल. कारण यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याच्या पोटात खेळणारे पाणी हे आपल्याच गावचे असणार आहे, आणि काचेच्या पेल्यांवर उमटणारे पांढरे डाग, वाट्यांच्या काठाशी राहून जाणारा तेलकटपणा, दोन-चार वर्षांतच निकामी होणारा हीटर, या ज्या तक्रारी पुढे ऐकू येतात त्यांपैकी बहुतेकींचे मूळ त्या पाण्यातच सापडते.

हे यंत्र म्हणजे शहरी चैन होय, असे मानण्याचा प्रघात अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. ज्या घरात टोमॅटोच्या तोडणीचे दिवस चालू आहेत, गोठ्यात दुभती जनावरे आहेत आणि सायंकाळच्या पंगतीला घरच्यांबरोबर कामावरची माणसेही आहेत, त्या घरातील स्त्रीचा दिवस पाहिला तर हा समज टिकत नाही. कारण शेतातून परतून, धारा काढून, स्वयंपाक उरकून सर्वांची जेवणे झाल्यावर तिच्यासमोर जो खरकट्या भांड्यांचा ढीग उभा राहतो, तो दिवसाच्या सर्व श्रमांच्या अखेरीस येतो आणि त्या वेळी तिला साहाय्य करावयास सहसा कोणी उठत नाही. त्यातही या मुलखात आणखी एक गोष्ट आहे. उसाच्या फडांमुळे बिबट्याचा वावर वस्तीच्या दारापर्यंत आलेला आहे. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र चालवावे लागते इतकी येथील परिस्थिती गंभीर आहे. आणि अंधार पडल्यावर परसातील मोरीवर वाकून भांडी घासत बसणे हे अनेक वाड्या-वस्त्यांवर निव्वळ कष्टाचे नव्हे, भीतीचेही काम झाले आहे. हे काम घराच्या आत, दाराआड उरकता आले, तर त्या सोयीस चैन म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

या यंत्राचे तत्त्व आपल्या आजीला परके वाटले नसते. चुलीतील राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती भांडी घासत असे, तेव्हा लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार तेला-तुपाशी संयोग पावून त्याचा थोडाफार साबण बनवीत असे आणि शेंडी तो खरवडून काढीत असे. यंत्रात घालावयाच्या चूर्णातही मुख्य घटक धुण्याच्या सोड्याचाच, म्हणजे सोडियम कार्बोनेटाचा, असतो. त्याच्या जोडीला डाग उडविणारा ऑक्सिजनयुक्त पदार्थ आणि दोन प्रकारची विकरे असतात, ज्यांपैकी एक प्रथिने तोडते व दुसरे पिष्टमय पदार्थ. नारायणगाव-जुन्नर भागातील मासवडीचा बेत झाल्यावर कढईला चिकटून राहिलेले बेसन हे प्रथिने आणि पिष्ट यांचेच मिश्रण असल्याने या विकरांना ते अगदी अनुकूल भक्ष्य आहे. मात्र त्यांना काम करावयास वेळ आणि सुमारे ५० अंशांची ऊब लागते. घासणाऱ्या हाताची जागा येथे पाण्याच्या वेगवान फवाऱ्याने घेतलेली असते, आणि हाताला जे पाणी सोसवत नाही अशा ५० ते ७० अंशांच्या पाण्याने तो फवारा काम करतो.

फवाऱ्याच्या जोरावर भांडी स्वच्छ करण्याची ही युक्ती अमेरिकेतील इलिनॉय संस्थानात शेल्बीव्हिल येथे राहणाऱ्या जोसेफिन कोक्रेन या गृहिणीने सिद्ध केली. २८ डिसेंबर १८८६ रोजी तिला तिचे पेटंट मिळाले आणि १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिची यंत्रे मांडली गेली. तिची पहिली गिऱ्हाइके हॉटेले होती, घरे नव्हेत. कारण यंत्राला पुरेल इतके गरम पाणी त्या काळच्या घरांत उपलब्धच नसे. यंत्र चांगले असूनही घरची तजवीज अपुरी पडते, हा अनुभव इतका जुना आहे.

आता आपल्या पाण्याकडे वळू. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस मुळात अत्यंत मृदू असतो. घोड नदीवर बांधलेल्या डिंभे धरणाच्या जलाशयात, ज्याच्या तळाशी खुद्द आंबेगाव हे गाव गेले, किंवा कुकडीवरील माणिकडोह आणि मीनेवरील वडज येथील जलाशयांत जे पाणी साठते, ते प्रायः पृष्ठभागावरून वाहत आलेले असल्याने त्यात विरघळलेली खनिजे बेताचीच असतात. जुन्नरच्या लेण्यांतून कातळात खोदलेली जी पाण्याची टाकी आहेत आणि ज्यांच्या दानाचे उल्लेख तेथील ब्राह्मी शिलालेखांत आढळतात, त्यांतील पाणीही याच जातीचे. परंतु तेच पावसाचे पाणी जमिनीत मुरले, काळ्या कातळाच्या भेगांतून महिनोन्‌महिने झिरपत राहिले, की त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळतात. आणि पूर्वेकडे, जेथे पाऊस कमी होत जातो व कूपनलिका खोल खोल जातात, तेथे हे जडपण सामान्यतः वाढते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बंबाच्या आत पांढरी पापडी धरते, ही त्याची लक्षणे सर्वांच्या परिचयाची आहेत. पाणी तापविले की त्यातील बायकार्बोनेटांचे कार्बोनेट होऊन ते घट्ट बसते, आणि यंत्र तर दर फेरीस पाणी तापवितेच. त्यामुळे हीटरवर थर चढतो, फवाऱ्याची छिद्रे बुजतात आणि चूर्णाचे बळ भांड्यांऐवजी या क्षारांशी झुंजण्यात खर्ची पडते.

म्हणून पाण्याची रीतसर तपासणी करून घ्यावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतून ती करून मिळते. ग्रामपंचायतीकडे आपल्या स्रोताचा पूर्वीचा अहवाल असण्याचाही संभव असतो. अहवालात ‘एकूण काठिण्य’ (म्हणजेच हे जडपण) या सदराखालील आकडा पाहावा, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे विक्रेते जे लहानसे टीडीएस मापक दाखवितात त्यावर विसंबू नये. कारण ते मापक विरघळलेल्या सर्वच क्षारांची बेरीज सांगते, त्यांतील कॅल्शियम-मॅग्नेशियम किती हे सांगत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे काठिण्य एका लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावे, असा संकेत आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत मात्र काठिण्य पुष्कळदा जर्मन अंशांत दिलेले असते, आणि असा एक अंश म्हणजे १७.८ मिलिग्रॅम, तेव्हा अहवालात ४०० हा आकडा असेल तर ते पाणी सुमारे साडेबावीस अंशांचे समजावे. चूर्णाऐवजी वापरावयाच्या, ‘सर्व काही एकातच’ अशी जाहिरात असणाऱ्या गोळ्यांना साधारणतः २१ अंशांपर्यंतच वेगळ्या मिठावाचून निभावता येते. त्यापलीकडे मिठाला पर्याय नाही, आणि ज्या यंत्रात पाणी मृदू करण्याची स्वतंत्र सोय नाही ते यंत्र, कितीही स्वस्त मिळत असले तरी, विहिरीच्या पाण्यावर चालणाऱ्या घराने घेऊ नये.

ही सोय कशी काम करते हे जाणून घेण्यासारखे आहे, कारण तिचे मूळ आपल्या पायाखालच्या दगडाशी जाऊन भिडते. दख्खनच्या काळ्या कातळात ज्या पोकळ्या असतात त्यांत झिओलाइट नावाची सुंदर स्फटिकमय खनिजे आढळतात. पुणे-नाशिक रस्त्याने सिन्नरपर्यंत गेल्यास तेथील ‘गारगोटी’ संग्रहालयात त्यांचे अप्रतिम नमुने पाहावयास मिळतात. या खनिजांच्या अंतर्भागात सूक्ष्म मार्ग असतात, आणि त्यांत सैलपणे बसलेले सोडियमचे कण पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या कणांशी आपली जागा बदलून घेतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत याच गुणाचा उपयोग करून पाणी मृदू करण्याची पद्धत व्यवहारात आली. पुढे झिओलाइटांची जागा कृत्रिम राळेच्या मण्यांनी घेतली व आजच्या यंत्रांत तेच मणी असतात. मात्र झिओलाइटे यंत्रातून अगदीच हद्दपार झाली नाहीत, कारण त्यांच्या ठिकाणी ओलावा शोषून उष्णता बाहेर टाकण्याचा दुसराही एक गुण असल्याने काही महागड्या यंत्रांत भांडी सुकविण्यासाठी त्यांची योजना केलेली असते. राळेच्या मण्यांतील सोडियम कालांतराने संपते, आणि ते पुन्हा भरून काढण्यासाठी मिठाचे तीव्र पाणी त्यांवरून नेले जाते. यंत्राच्या तळाशी मिठाचा जो कप्पा असतो त्याचे प्रयोजन एवढेच. भांड्यांना ते मीठ लागत नाही.

या कप्प्यात जेवणातील बारीक मीठ घालणे ही मोठी चूक होय. त्यातील आयोडीन आणि मीठ मोकळे राहावे म्हणून मिसळलेले पदार्थ मण्यांना उपकारक नसतात व बारीक कणांचा गोळा होऊन बसतो. बाजारात या यंत्रांसाठी म्हणून जाड, शुद्ध मीठ मिळते, तेच घ्यावे. पहिल्या वेळी कप्प्यात आधी पाणी आणि मग मीठ भरावे. प्रत्येक वेळी मीठ भरल्याबरोबर यंत्राची एक फेरी लावावी, म्हणजे सांडलेले खारे पाणी तळाच्या पोलादावर साचून गंज धरणार नाही. काठिण्याचा आकडा यंत्रात नोंदविण्याची सोय असते, ती वापरणारे लोक मला फार थोडे आढळले. आणि ज्या गावी पावसाळ्यानंतर विहीर तुडुंब असते व वैशाखात तिचा तळ दिसू लागतो किंवा टँकर येतो, तेथे तर हा आकडा वर्षातून दोनदा तपासून बदलणे इष्ट होय.

पाण्याची जात कळली की त्याचा दाब पाहावा. बहुतेक यंत्रांना आत येणाऱ्या पाण्याचा दाब किमान अर्धा बार लागतो, म्हणजे पाण्याच्या टाकीतील पातळी यंत्राच्या झडपेपासून सुमारे पाच मीटर, सोळा-सतरा फूट, उंच असावी लागते. एकमजली घराच्या स्लॅबवर ठेवलेली टाकी ही उंची कशीबशी गाठते किंवा गाठत नाही, आणि मग यंत्र पाण्याची वाट पाहत थांबून ‘नळ बंद आहे’ अशी सूचना देते व घरधनी यंत्राला दोष देतो. उपाय दोन आहेत: टाकीखाली उंच चौथरा बांधावा, किंवा त्या नळापुरता दाब वाढविणारा लहान पंप बसवावा. विहिरीच्या पाण्यात गाळ येत असेल तर आत येणाऱ्या नळीच्या आधी एक जाळीचा गाळक लावण्यास विसरू नये.

विजेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. हीटर सामान्यतः दोन हजार वॅटच्या आसपास असतो, म्हणून स्वतंत्र जोडणीचा १६ अँपिअरचा सॉकेट आणि खात्रीचे अर्थिंग यांवाचून यंत्र बसवू देऊ नये. पाणी आणि वीज एकत्र येतात तेथे अर्थिंगच्या बाबतीत हयगय करणे म्हणजे घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालणे होय. परिसरातील शेतीपंप एकाच वेळी सुरू झाले की घरातील विजेचा दाब खाली येतो, आणि हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर दोन हजार वॅटचा हीटर जेमतेम सव्वाबाराशे वॅटचे काम करतो. भांडी तरीही धुतली जातात, पण फेरी लांबते. ज्या घरी दाब वारंवार इतका खाली-वर होतो तेथे पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर घ्यावा. दिव्या-पंख्यांसाठी घेतलेल्या इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये. फेरीच्या मध्येच वीज गेली तर घाबरण्याचे कारण नाही, वीज परतल्यावर बहुतेक यंत्रे राहिलेले काम पुढे चालू करतात. अशा वेळी दार मात्र एकदम उघडू नये, आत कढत वाफ असते.

यंत्राचा आकार ठरविताना दुकानात ‘बारा जणांचे’, ‘चौदा जणांचे’ असे सांगतात, तो हिशेब युरोपीय मेजावरील बशा, पेले आणि काट्या-चमच्यांचा आहे. ताटे, वाट्या, पातेली, परात आणि कुकरमधील डबे यांना तो लागू पडत नाही. चार-पाच माणसांच्या घरी बारा जणांचे यंत्र दोन्ही वेळच्या जेवणाला पुरते. त्याहून मोठ्या कुटुंबाने चौदा किंवा सोळा जणांचे घ्यावे. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे घरातील सर्वांत मोठे ताट आणि रोजच्या वापरातील सर्वांत उंच पातेले सोबत नेऊन ते दुकानात प्रत्यक्ष रचून पाहणे, यात संकोच करण्यासारखे काहीही नाही. वरचा कप्पा उंच-सखल करता येतो की नाही तेही त्याच वेळी कळते. पूर्ण आकाराचे यंत्र साठ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे पंच्याऐंशी सेंटिमीटर उंच असते. जुन्या ओट्यांखाली ते सहसा बसत नाही, म्हणून ओट्याचे माप आधी घ्यावे.

भांड्यांतही भेद करावा लागतो. स्टेनलेस स्टील, काच आणि चिनी माती निर्धास्तपणे घालावी. ज्याला आपल्याकडे जर्मनची भांडी म्हणतात ती ॲल्युमिनियमची पातेली मात्र क्षारयुक्त चूर्णाने काळी पडतात. तांब्या-पितळेची झळाळी आणि कल्हई मंदावते. भाकरीचा लोखंडी तवा मुरलेले तेल गमावून गंजतो. लाकडी काठवट, पोळपाट आणि लाटणे फुगून तडकतात. कुकर स्टीलचा असला तरी त्याची शिट्टी आणि रबरी कडे हातानेच धुवावे. तात्पर्य, यंत्र आल्यावरही थोडे घासणे उरतेच, आणि हे घरातील सर्वांना आधीच ठाऊक असावे.

विक्रीपश्चात सेवेची खातरजमा लेखी करून घ्यावी. नारायणगाव किंवा मंचर येथील दुकानदार यंत्र आनंदाने विकेल, परंतु दुरुस्तीचा माणूस पुण्याहून किंवा संगमनेरहून येणार असेल, तर तो आपल्या वस्तीवर येतो काय, किती दिवसांत येतो आणि येण्याचा आकार काय, हे पावती फाडण्यापूर्वी विचारावे. माझ्या मते दोन यंत्रांत थोडाच फरक असेल तर ज्याचा कारागीर जवळ आहे तेच घ्यावे.

रोजच्या वापरात खरकटे काढून टाकावे. पण प्रत्येक भांडे नळाखाली धुऊन मग यंत्रात ठेवणे हा पाण्याचा अपव्यय आहे. पूर्ण भरलेले यंत्र एका फेरीस साधारण १० ते १५ लिटर पाण्यात काम भागविते, आणि तेवढे पाणी वाहत्या नळाखाली पाहता पाहता निघून जाते. दुधाच्या पातेल्याचा करपलेला तळ आणि वाळलेला भात तेवढा आधी भिजवावा. वाट्या ओणव्या, एकमेकींत न अडकता ठेवाव्यात, ताटांचे तोंड फवाऱ्याकडे असावे, आणि दार लावण्यापूर्वी फवाऱ्याचा दांडा हाताने फिरवून तो कोठे अडत नाही ना हे पाहावे. हाताने भांडी धुण्याचा साबण यंत्रात थेंबभरही घालू नये, फेसाने यंत्र बंद पडते. चूर्णाचा डबा पावसाळ्यात घट्ट मिटून ठेवावा, अन्यथा त्याचे ढेकूळ होते.

आपल्या स्वयंपाकातील मोहरी, जिरे, मिरचीच्या बिया आणि खोबऱ्याचा कीस हे यंत्राच्या गाळणीचे नित्याचे पाहुणे होत. गाळणी आठवड्यातून एकदा फिरवून बाहेर काढावी आणि मऊ कुंचल्याने धुवावी. फवाऱ्याच्या छिद्रांत अडकलेले कण काडीने काढावेत. दाराच्या रबरावरील चिकटा ओल्या फडक्याने पुसावा. दोन-तीन महिन्यांनी, आणि पाणी फार जड असल्यास त्याहून लवकर, रिकाम्या यंत्रात सायट्रिक आम्ल किंवा कंपनीने सांगितलेले चूर्ण घालून गरम पाण्याची एक फेरी चालवावी.

यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याविषयी मला विशेष आस्थेने लिहावेसे वाटते. मोरीचे पाणी परसातील केळीला आणि अळूला देण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे. परंतु या यंत्राचे पाणी क्षारयुक्त असून त्यात मिठातील सोडियमही उतरलेले असते, आणि सोडियमचा अंश साचत गेला की काळ्या जमिनीची घडण मोडते, ती ओली असता चिकट आणि वाळली असता दगडासारखी होते. तेव्हा या पाण्याची नळी परसबागेत न सोडता शोषखड्ड्याकडे किंवा गटाराकडे न्यावी, शोषखड्डा विहिरीपासून दूर असावा, आणि नळीला मध्ये एक उंच वळण द्यावे, म्हणजे घाण पाणी उलट यंत्रात शिरणार नाही. धान्याची पोती असलेल्या घरात उंदीर या नळ्या कुरतडतात. यंत्राचा तळ उघडा असल्यास तेथे बारीक जाळी ठोकून घ्यावी.

या भागातील कितीतरी कुटुंबांचे एक बिऱ्हाड मुंबईस किंवा पुण्यास असते आणि गावचे घर मधून मधून बंद राहते. असे घर बंद करताना गाळणी धुऊन ठेवावी, आत येणाऱ्या पाण्याचा नळ आणि विजेचे बटण बंद करावे, आणि यंत्राचे दार पूर्ण न मिटता बोटभर उघडे ठेवावे, म्हणजे आत बुरशी धरत नाही. परत आल्यावर नळ्यांची नीट पाहणी करून, भांडी न ठेवता, गरम पाण्याची एक फेरी करावी आणि मगच यंत्र रोजच्या कामास लावावे.